दुपारची किल्ली

शुक्रवारच्या चर्चेच्या तासाचे विषय मी जूनमध्येच ठरवून टाकते. नागपूरच्या धरमपेठेतली आमची शाळा, दहावीचा वर्ग. सामाजिक न्याय म्हटलं की मुलांना बोलतं करावं लागत नाही, आवरावं लागतं.

त्या दिवशी एक मुलगा समतेवर तावातावाने बोलत होता. मागून आवाज आला, "तुमच्या घरी कामवाल्या बाईचा कप वेगळा आहे ना बे?"

"तुझ्या घरी तं तुझाच वेगळा आहे."

वर्ग हसला. मीही हसले. मग खिडकीजवळची, एरवी गप्प असणारी मुलगी उभी राहिली.

"मॅडम, आपल्या मावशी बाथरूमला कुठे जातात?"

शिक्षिकांच्या बाथरूमला आमच्याकडे कुलूप असतं. सफाईच्या मावशी सकाळी ऑफिसातून किल्ली घेतात, धुऊन झालं की परत करतात. विद्यार्थिनींचं बाथरूम वापरायची त्यांना मनाई आहे. दुपारी त्या रस्ता ओलांडून बांधकामाच्या पत्र्यामागे जातात, हे त्या मुलीने पाहिलं होतं.

घंटा व्हायच्या आत ठरलंसुद्धा. सोमवारी मुख्याध्यापकांना निवेदन द्यायचं, सगळ्यांच्या सह्यांचं.

शनिवारी मावशींनी मला जिन्यात गाठलं. मुलं त्यांच्याकडे चौकशी करून आली होती.

"काहून विचारून राहिले ते पोरं मले? थांबवा त्याइले, मॅडम."

"अहो, तुमच्यासाठीच करताहेत."

"ठेकेदार म्हणन का हिनंच शिकवलं पोराइले. पोरं तं पास होऊन चालले जातीन. माहं काम गेलं तं?"

त्यांचं खोटं नव्हतं. ठेकेदाराने सफाईला ठेवलेल्या बायका एका फोनवर बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

सोमवारी पहिल्याच तासाला मी वर्गाला हे सांगितलं. निवेदनातून मावशींचा उल्लेख काढू, असं कुणीतरी सुचवलं. पण शाळेत सफाईला मावशी एकच. कुणासाठी लिहिलंय, हे कुणालाही कळलं असतं.

"म्हणजे गप्प बसायचं?" समतेवर बोलणाऱ्या मुलाने विचारलं. "मग हा तास कशाले घेता, मॅडम?"

खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगा ना ऑफिसात. तुम्हाला कोण काढणार?"

मी सांगते म्हटलं, आणि निवेदन मागे राहिलं. पण ऑफिसात गेल्यावर बाथरूम मावशींनाही खुलं करा, असं मी म्हटलं नाही. त्यावर बैठक बसली असती, ठेकेदाराला बोलावलं असतं, आणि मावशींची भीती खरी ठरली असती. मी म्हटलं, दुपारी बाथरूमला वास येतो, दोनदा धुवायला हवं. दोन मिनिटांत मंजूर झालं. आता मावशींना दुपारीही किल्ली मिळणार होती. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. "चालते, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या.

मला काम मार्गी लावल्याचं समाधान होतं. त्याच समाधानात मी त्या मुलीला बोलावून सगळं सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मावशींना जायचं असलं, तर रोज आधी तुमचं बाथरूम धुवायचं?"

"सध्यापुरतं," मी म्हटलं.

सध्यापुरतंच अजून चालू आहे. डबा खाऊन आम्ही वर्गावर जायला निघतो, तेव्हा मावशी बादली आणि झाडू घेऊन जिना चढत असतात. वर गेल्या की आमच्या बाथरूमला आतून कडी लावतात. काही वेळाने पाणी ओतल्याचा आवाज येतो, आणि तो बराच वेळ येत राहतो.