दोरीवरचे कपडे

माझी शाळा चौथीपर्यंत, बायको मॅट्रिक. दुपारी जेवणं झाली की मी लसूण सोलत बसायचो आन् ती मोठ्यानं पुस्तक वाचायची.

शेवटचं पुस्तक एका परदेशी ज्यू बाईचं होतं. बाई पेपरात लिहायची. देशात हुकूमशहा आला, ज्यू लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दुकानं फुटली. ही लिहायची थांबंना. शेवटी धरायला माणसं निघाली, तशी दोरीवर वाळत घातलेले कपडे तसेच टाकून पळाली. परमुलखात भांडी घासली, तिथली भाषा शिकली, पुन्हा लिहायला लागली.

"गप बसली असती तर घर वाचलं असतं," मी म्हणायचो.

"अवो, तुम्ही बसलात व्हय कधी गप? शेंद्र्याच्या कंपनीतून भांडूनच आलात ना?"

बायकोचा जीव त्या कपड्यांत अडकलेला. "कुणी काढले असतील हो? घरी परत जाती का न्हाय ही?"

"शेवटचं पान बघ की."

"असं नसतं वाचायचं."

थोडी पानं राहिली आन् बायकोच गेली. पुस्तकात तिची केसांची पिन तशीच.

दहाव्याला कायगावला गोदावरीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवंना. पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना सांभाळीन." कावळा लिंबावरच. सून म्हणाली, तुळशीला पाणी घालीन. तरी न्हाई. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. मी म्हणलं, थांबा. पुढं होऊन मोठ्यानं बोललो, "अगं, ते पुस्तक मी पुरं करतो. तुला वाचून दाखवतो."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कावळा उतरला. भूक लागली असंल त्याला, माझा काय तसल्या गोष्टीवर लई इस्वास न्हाई. पण शब्द दिला तो दिला.

रोज अक्षराला अक्षर जोडून एक पान व्हायचं. तिच्या खाटंकडं तोंड करून वाचायचो. सून दारातून बघायची.

बाई परत गेली. हुकूमशहा मेल्यावर, म्हातारी होऊन. घर जागेवर होतं, दोरीपण. तिच्यावर दुसऱ्याच कुणाच्या लेकराचे कपडे वाळत होते. दार उघडणाऱ्या बाईनं विचारलं, "कोण पाहिजे?" ही म्हणाली, "कुणी न्हाई," आन् माघारी फिरली.

हे मी आधी मनातल्या मनात वाचलं आन् थांबलो. वाटलं, बायकोला एवढंच सांगावं की गेली बाई घरी. तिला बरं वाटलं असतं. पण तिनं मला वाचून दाखवताना कधी एक ओळ गाळली नव्हती.

मी ते सगळं मोठ्यानं वाचलं.