फोनवाली मामी

धर्मापुरीत माझ्या मामीला सगळे 'फोनवाली मामी' म्हणत. मामाच्या कापडाच्या दुकानात एका कोपऱ्याला काचेची खोली करून एसटीडी फोन बसवला आणि त्या कोपऱ्यावर मामीचं राज्य सुरू झालं. लोक आत ओरडून बोलत, मामी बाहेरून त्यात भर घाली. एखादी म्हातारी पुण्यातल्या लेकाला "बरी हाय मी" म्हणाली, की मामी काचेवर टिचकी मारून म्हणायची, "गुडघ्याचं सांगा की! खोटं कावून बोलता?"

"मी न्हाई बाई ऐकत कुणाचं," असं ती गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगे, आणि त्याच दमात कुणाच्या सुनेला दिवस गेलेत तेही सांगे.

मामीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा मामाने आम्हाला बजावलं, तिच्यापुढं 'अल्सर' म्हणायचं. सोलापूरला ऑपरेशन झालं. यकृतातही गाठी होत्या, म्हणून सलाइनमधून औषध सुरू झालं. एका खेपेला मामीनेच डॉक्टरांना विचारलं, "शेजारच्या बाईला जी बाटली, तीच मला. मग तिला कॅन्सर अन् मला अल्सर, हे कसं वो?" डॉक्टरांना हसू आवरेना. मामा मात्र व्हरांड्यात जाऊन रडला.

औषध लागू पडलं. गाठी आक्रसल्या, मामी पुन्हा फोनपाशी बसू लागली. काही महिन्यांनी त्याच गाठी वाढल्या आणि तेच औषध आता उपयोगाचं राहिलं नाही. मामा कधी तिला टाकून न बोललेला माणूस, पण दुःखाने त्याच्या तोंडून निघालं, "पथ्य पाळलं न्हाईस तू. लग्नात जेवलीस." ते मामीच्या मनात रुतलं. ती मुगाच्या पाण्यावर राहू लागली. सोमवारचा उपास होताच, त्यात शनिवारही धरला.

मी तेव्हा पुण्याला बायोकेमिस्ट्री शिकत होते. सुट्टीत गेले, तर तिने मला जवळ ओढून बसवलं.

"माय, तू ह्याचंच शिकतीस ना? औषध तेच, मी बी तीच. मग आता कावून चालंना? माझं काय चुकलं?"

मी जमेल तसं सांगितलं. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, त्यातली बरीचशी गप्प असतात. काही प्रथिनं जनुकावर जाऊन बसतात आणि त्याला कामाला लावतात. गाठीतल्या ज्या पेशी औषधातून वाचतात, त्यांच्यात अशी प्रथिनं नेमकी औषध बाहेर फेकणारी जनुकं जागी करतात. मग औषध आत टिकतच नाही.

मामी म्हणाली, "म्हंजी मी भात खाल्ला काय अन् ठेचा खाल्ला काय, ते बसायचं ते बसणारच?"

"हो मामी. तुझं काही चुकलं नाही."

तिने मान वळवून हाक मारली, "अवो, ऐकलं का? पोरगी काय म्हणती? माझं काय चुकलं न्हाई."

मामा कापडाच्या ठाणाची घडी घालत होता. घडी तीनदा विस्कटली.

त्या दिवशी तिने भाकरी मागितली. दोनच घास गेले, पण चवीने गेले.

मी निघताना म्हणाली, "त्या जनुकाला उठवणाराला धरता यंत न्हाई का?"

"शोधताहेत."

"मग तू बी शोध."

संक्रांतीच्या आधी ती गेली.

मी तेच शोधत राहिले. माझं पीएच.डी.चं काम अशाच एका प्रथिनावर झालं. प्रयोगशाळेत त्याला अडवलं, की काही पेशींवर जुनं औषध पुन्हा चालायचं. सगळ्यांवर नाही. हे सांगायला मी धर्मापुरीला गेले. मामा थकला होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, "तिच्या येळंला हे असतं तर वाचली असती?"

"कदाचित, मामा."

मामा माझा हात धरून म्हणाला, "कदाचित नको म्हनू, माय. न्हाई म्हन."

मी "नाही" म्हणाले.