जावेपेक्षा उंच

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या घरी आली, तोवर मालगुंडात माडावर चढलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. ती नाट्याची, नाटे बंदरावरची. बाप बोटीवर, भाऊ बोटीवर आणि ही लहानपणापासून घरामागच्या माडांवर. एकदा सासूबाईंना शहाळं हवं होतं आणि नारळ पाडणारा गडी काही येईना, तर हिने साडीचा काचा मारला, पायात सुंभाचा फास अडकवला आणि सरळ वर गेली. सासूबाई खालून ओरडत होत्या, "अगो उतर, लोक काय म्हणतील!" आणि ओरडता ओरडता हसत होत्या. इतकी वर्षं मी त्या घरात राबत होते, माझ्याकडे बघून त्या कधी तशा हसल्या नव्हत्या.

पुढे गावातल्या बायकांना यंत्राने माडावर चढायला शिकवायचं निघालं. जावेने नाव दिलं म्हणून मीही दिलं. उंचीची मला कधीच हौस नव्हती. पण ती रोज घरी येऊन जेवताना काहीतरी सांगणार आणि सगळे हातातला घास तसाच ठेवून ऐकणार, हे मला सोसलं नसतं.

यंत्र म्हणजे दोन पायांना दोन लोखंडी पायऱ्या, प्रत्येकीला तारेचा फास, आणि पडू नये म्हणून कमरेचा पट्टा खोडाला. फास खोडाभोवती घालायचा, एक पाय वर सरकवायचा, त्यावर भार द्यायचा, मग दुसरा. माड वर बारीक होत जातो, म्हणून मध्येच थांबून फास आवळून घ्यायचा. मी सगळं सांगितल्यासारखं, दात आवळून करायचे. जाऊ जिना चढावा तशी जायची आणि वरून खाली कोणाशी तरी गप्पा मारायची.

शिकून झाल्यावर आम्ही दोघी एका नारळाच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागलो. यंत्र एकच, त्याचंच. पाळीपाळीने चढायचं ठरलं होतं, पण माडांच्या आगरात पाय टाकला की तिथले मालक म्हणायचे, "ती नाट्याची चढू दे, लवकर आटपेल." मग मी खाली नारळ गोळा करायचे. एकदा पेपरवाला आला. जावेचा माडावरचा फोटो छापून आला, त्यात खालच्या कोपऱ्यात माझा नुसता हात दिसत होता. सासूबाईंनी तो फोटो देवाच्या फळीखाली चिकटवला. येता-जाता मला माझा हात दिसायचा.

एके दिवशी मी हट्टाने म्हटलं, "आज मी चढणार." पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका बाईंचं आगर होतं, त्यातला सगळ्यात उंच माड मी मुद्दाम निवडला. खालून जाऊ म्हणाली, "वैनी, मध्ये फास आवळा हां." मला ते शिकवणं वाटलं. आवळायचा होताच मला, पण तिने सांगितल्यावर लगेच आवळायला नको म्हणून तशीच वर गेले. शेंड्याच्या झावळ्यांच्या थोडं खाली डावी पायरी सरकली, फास तिरका होऊन खोडात रुतला आणि मी कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिले. ना वर जाता येई, ना खाली. वाऱ्याने माड हलत होता. मी खोडाला मिठी मारली आणि मोठ्याने रडले.

जाऊ सुंभाचा फास पायात घालून आली. अनवाणी, काहीही पट्टा नसताना. माझ्या पायाशी तिचा आवाज आला. "वैनी, खाली बघू नका. माझ्या खांद्यावर पाय द्या. दिलात? आता फास सोडवते."

"अगो, तू पडशील!"

"मी नाय पडत. तुम्ही फक्त श्वास घ्या."

तिने फास सोडवला, आवळून दिला आणि माझ्या खालोखाल एकेक पाऊल उतरवत मला जमिनीवर आणलं. घरी ती याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलल्या त्या आगरवाल्या बाई. दोन दिवसांत गावभर झालं, धाकटीने थोरलीला माडावरून उतरवली. मी बरी आहे ना, हे विचारायला लोक येत आणि चहा तिच्याशी बोलत बसून पीत.

त्या आठवड्यातच मी व्यापाऱ्याचं काम सोडलं. नवरा ट्रॉलरवरून आला होता. त्याला म्हटलं, मला माझं स्वतःचं यंत्र हवंय. त्याला वाटलं होतं, मी आता माडाचं नावही काढणार नाही. तरी तो म्हणाला, "चल."

रत्नागिरीतल्या शेतीच्या अवजारांच्या दुकानात दोन तऱ्हेची यंत्रं होती. एक आमचं ओळखीचं, उभ्याने चढायचं, हलकं. दुसरं बसून चढायचं, वर बैठक, खाली पायांची चौकट, दोन्हींना खोडाभोवतीचा फास. जड आणि सावकाश चालणारं. दुकानदार म्हणाला, "हे कोण घेत नाही, वेळ फार जातो." जावेकडे ते नव्हतं, म्हणून मी तेच घेतलं. पट्टा मात्र तिथेच कमरेला बांधून, दुकानाच्या खांबाला अडकवून, सगळा भार टाकून बघितला. हेल्मेटही घेतलं.

पहिल्यांदा एकटी गेले ते शेजारच्या वाडीत. खाली फास आवळायला सांगणारं कोणी नव्हतं. मी थांबून थांबून आवळला. वर पोचल्यावर कळलं की बसायला मिळालं तर दोन्ही हात मोकळे राहतात. वाळलेल्या झावळ्या काढता येतात, शेंडा साफ करता येतो, कोंब पोखरणारा भुंगा आकड्याने ओढून काढता येतो. उभ्याने चढणाऱ्याला इतका वेळ तिथे थांबवत नाही. नारळ पाडायला लोक अजूनही जावेलाच बोलवत, पण माड आजारी दिसला की मला फोन येऊ लागला. रिक्षात यंत्र टाकून मी एकटी जाऊ लागले.

जावेने हे ऐकलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नीट बघत होते. कुठेतरी काहीतरी खुपलेलं दिसेल म्हणून. ती म्हणाली, "वैनी, मला पण शिकवा ना भुंगा काढायला. माझ्याच्याने असं निवांत बसवत नाय." आणि ज्या त्या आगरात माझं नाव सांगत सुटली. तिला जळता येत नाही, याचाही मला राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात चिपळुणाहून बोलावणं आलं. तिकडच्या बायकांना शेंडा कसा साफ करायचा ते दाखवायचं होतं. जावेने पहाटे उठून मला डबा करून दिला आणि रिक्षावाल्याला बजावलं, "आमच्या वैनी शिकवायला चालल्यात, सावकाश ने." वाटभर मी खुशीत होते. पोचले तर शिकायला जमलेल्या बायकांत पुढे बसलेल्या एकीने माझ्या मागे डोकावून बघितलं.

"पेपरात फोटो आला होता त्या नाही आल्या?"

"नाही," मी म्हटलं. "आज मीच."

पट्टा आवळला आणि चढायला लागले. वरून वाशिष्ठी नदीचं पाणी दिसत होतं. शेंडा साफ करून झाला होता, बायका खालून हाका मारत होत्या, तरी मी बैठकीवर बसून राहिले. त्या सगळ्या मान वर करून माझ्याचकडे बघत होत्या.