तणसातला खुनी

उन्हाळ्याच्या दुपारी कुही गावात मामीच्या ओसरीवर चिंचेचा ढीग पडलेला असे — तपकिरी, ओलसर, खाण्याआधीच दात आंबवणारा... आणि त्याभोवती मामी, शेजारची गिरजाकाकू, आणखी दोघी-तिघी चिंचोके काढत बसलेल्या. माझं काम एकच, वाचायचं. शहरातून, सक्करदऱ्याच्या वाचनालयातून आणलेल्या, तेलकट पुठ्ठ्यांच्या खूनकथा मी मोठ्यानं वाचत असे. आणि त्या रखरखीत उन्हात शहराचे ओले रस्ते, हॉटेलांचे काळोखे जिने, काळ्या कोटातली अनोळखी माणसं ओसरीवर अवतरत.

"हे सगळे खून शहरातच काहून होते गा?" मामीनं एकदा विचारलं.

"अवं, तिथं कोण कोणाले ओळखते?" गिरजाकाकू म्हणाली. "आपल्या इथं तं चाय उकळेपर्यंत सगळ्यांले माहीत!"

"माहीत राहते सगळ्यांले. बोलत कोणी नाही," मामी म्हणाली, आणि ओसरी खदखदून हसली.

आता कबूल करतो. एका पुस्तकाचं शेवटचं पान मीच फाडलं होतं — परसातल्या कैऱ्यांसाठी तिखटमिठाची पुडी बांधायला, तेही न वाचता. वाचता वाचता शेवटाशी आलो नि ते ध्यानात आलं, तेव्हा सगळ्यांचे हात थांबलेले, डोळे माझ्यावर. मग पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूकडे पाहत मी वाचतच राहिलो... खुनी शहरातून निसटला, कुहीच्या बांधांवरून धावला, धानाच्या तणसात, वाळक्या काड्यांच्या ढिगात लपला. आणि काळ्या कोटाला चिकटलेल्या पिवळ्या काड्यांनी भर बाजारात त्याचा घात केला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर मामी हसली. पुढे आल्यागेल्याला सांगायची, आमची कुही पुस्तकात छापून आली! अक्षरओळख नसलेल्या बाईचा छापील शब्दावरचा तो विश्वास मला चाळीस वर्षं टोचत राहिला.

यंदा तो शेवट मीच रचल्याचं तिला सांगून टाकलं. तीच ओसरी, तोच आंबट दरवळ. चिंच फोडणारे हात मात्र आता दोनच.

"माहीत आहे मले," मामी मान वर न करता म्हणाली. "पुडी मीच उचलली होती. वाचता नाही येत, पण पुस्तकाचं पान ओळखता येते."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"तू वाचणं सोडलं असतं ना गा."

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "खरा खुनी कोण होता?"

"मलेही नाही माहीत, मामी."

तिनं चिंचेचा थोडा गर मिठात घोळून माझ्या तळहातावर ठेवला.

"मंग तणसातलाच," ती म्हणाली.