शाळेतली तारीख

संध्याकाळी सिनेमा बघायला टीव्ही लावला, तर पडद्यावर एक चौकट. जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही म्हणे. वर्षभराचे पैसे आगाऊ घेतलेत यांनी. माझा जन्म कधी झाला, याच्याशी यांना काय करायचंय? वैतागून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, काहीतरी टाका ना. कोण बघायला येतंय?"

मग एक जून टाकली. ती शाळेतली तारीख. आमच्या मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच लावून दिली होती, आणि पुढे नोकरीपासून पेन्शनपर्यंत तीच चालली. खरा वाढदिवस नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. आधी आई तिथी लक्षात ठेवायची, लग्नानंतर बायको. सुमन त्या दिवशी शिरा करायची आणि वाटी हातात द्यायची. ती गेल्यापासून तिथी येते आणि निघून जाते. दरवर्षी तारीख बदलते, मुलीच्या लक्षात राहत नाही. एक जून खोटी आहे हे मात्र तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे त्या दिवशीही फोन येत नाही.

यंदा एक जूनला टीव्ही लावला, तर पडद्यावर फुगे, माझं नाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा.

"अहो, आज नाही," मी मोठ्याने म्हणालो.

घरात कुणीच नव्हतं. टीव्ही तसाच चालू ठेवला आणि आत जाऊन वाटीभर रवा भाजायला घेतला.