पाना-पेंचिसांच्या रांगेत एक पाकीट

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही: काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी दादाच्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये जे सिगारेटचं पाकीट सापडलं, ते दादाचं नव्हतं. माझं होतं. त्या पाकिटापायी माझा थोरला भाऊ देऊळघाटहून शेगावपर्यंत अनवाणी चालत गेला, आणि मी स्कूटरवर पाण्याची कॅन घेऊन त्याच्या मागं मागं गेलो. लोकांनी माझं कौतुक केलं. भाऊ असावा तर असा, असं बोथ्याच्या घाटात एकजण म्हणालासुद्धा.

मी बुलढाण्यात मास्तर आहे. आमची शाळा तंबाखूमुक्त आहे आणि ती तशी ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेघ आहे, ती मी स्वतः टेप धरून मारून घेतली. तंबाखूविरोधी शपथ मी वाचतो, मुलं मागून म्हणतात. आवाज चांगला आहे म्हणून ते काम कायम माझ्याकडेच आलं. आणि ही सगळी वर्षं मी आठवड्याला तीन-चार सिगारेटी ओढत होतो. रेघेच्या बाहेर. तेवढं मात्र पाळलं.

याची सुरुवात धुरापासून झाली नाही, गाडीपासून झाली. कॉलेजात होतो तेव्हा आमच्या खोलीखाली एक चहाचं हॉटेल होतं, तिथं केबल होती. रविवारी संध्याकाळी मालकाला झोप यायची, चॅनल बदलायचा कंटाळा यायचा, आणि समोर परदेशातल्या मोटारींची शर्यत चालू राहायची. जमिनीला चिकटून धावणाऱ्या, माशांसारख्या गाड्या. त्यातली एक लाल-पांढरी होती. तिचं नाक वळणावर असं काही आत शिरायचं की माझा चहा निवून जायचा. एक काळी-सोनेरी होती, जुन्या शर्यतींच्या फितीत दिसायची. एक निळी होती. एक पिवळीधम्म. त्या रंगांचा आणि सिगारेटचा काही संबंध असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, ज्याला जो रंग आवडला तो त्यानं मारला.

मग एकदा खामगावच्या बसस्टँडवर पानठेल्याच्या काचेत ती लाल-पांढरी गाडी दिसली. म्हणजे पाकीट होतं, पण मला गाडीच दिसली. तोच लाल, तेच टोक. मी पानठेलेवाल्याला विचारलं, "हे काय हाये?"

तो म्हणाला, "विलायती हाये. तुह्याच्यानं नाई झेपणार."

एवढ्यावर कोणीही घेतली असती. मी एक सुटी घेतली, स्टँडच्या मागं जाऊन पेटवली, आणि ओलं पोतं जाळल्यासारखी चव तोंडात आली. पण हातात लाल-पांढरी गाडी होती. ते वय तसं होतं.

पुढं मी त्या सगळ्या रंगांची चव घेऊन पाहिली. नावं लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना रंगावरून कळेल. काळी-सोनेरी गाडीवर सगळ्यांत देखणी आणि ओठांवर सगळ्यांत भिकार. उदबत्तीच्या कारखान्याला आग लागल्यासारखी. निळी दणकट, दोन झुरक्यांत कान गरम करणारी. पिवळी गोडसर, लग्नातल्या मठ्ठ्यासारखी, पहिल्यांदा बरी वाटते. आपल्याकडची सोनेरी पाकिटातली साहेबी सिगारेट मुख्याध्यापक लोक ओढत. तिला चवच नव्हती, फक्त हुद्दा होता. पुदिन्याची ओढणं म्हणजे दात घासत घासत खोकणं. आणि खरं सांगू का, या सगळ्यांत इमानदार होती ती एसटीच्या ड्रायव्हर लोकांची, आखूड, बिनफिल्टरची. तिच्या नावानं कुठली गाडी कुठं धावली नाही. तिचा धूर धुरासारखा लागायचा. पण मी ओढायचो ती लाल-पांढरीच, वाईट चवीची. कारण तिची चव मी कधी पाहतच नव्हतो.

नंतर कायद्यानं गाड्यांवरून सिगारेटची नावं काढायला लावली. काही गाड्यांवर नावाच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आल्या, दुकानातल्या मालावर असतात तशा. लाल, पांढरा आणि मध्ये रेघा. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि मला जागच्या जागी तल्लफ आली. नाव नव्हतं, अक्षर नव्हतं, तरी आली. पुढं हाच किस्सा मी वर्गात सांगायचो, जाहिरात कशी डोक्यात शिरते ते समजावायला. मुलं मन लावून ऐकायची. तास फार रंगायचा. तास संपला की मी स्कूटर काढून रेघेच्या बाहेर जायचो.

आता दादाकडे येतो. दादा देऊळघाटला शेती करतो. त्याच्या अंगात एक कला आहे: ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उलटा चालवणं. ज्यानं हे केलं नाही त्याला वाटतं यात काय. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते; सरळ न्यायची तर सारखं उलटं-सुलटं करत राहावं लागतं, आणि मान पूर्ण वेळ मागं. आमच्याकडे जत्रांमधून याच्या स्पर्धा होतात. जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा, त्यांच्यामधून उलटा ट्रॅक्टर न्यायचा, चाक रेघेला लागलं की बाद, आणि ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला. दादा मडगार्डवर एक हात टाकून असा मागं जायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा पुढंच चाललाय आणि आपणच उलटे उभे आहोत.

डोणगावकडच्या एका जत्रेतल्या स्पर्धेत त्यानं नाव दिलं तेव्हा मी त्याला म्हटलं, ट्रॅक्टर रंगवू. लाल-पांढरा. बोनेटवर लाल टोक, मडगार्ड पांढरे, बाजूला उभ्या रेघा.

"रेघा कायच्या बे?" दादानं विचारलं.

"शर्यतीच्या गाडीवर असतात."

"मंग मार. तू मास्तर हायेस, तुले जास्त समजते."

गावातल्या पेंटरला लाल कोणता ते सांगून समजेना. तो विटकरी दाखवायचा, मी नाही म्हणायचो. तो शेंदरी दाखवायचा, मी नाही म्हणायचो. शेवटी मी खिशातून पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं. त्यानं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रंग बरोबर कालवला. त्या माणसानं आजवर कोणाला सांगितलं नाही, हे त्याचे उपकार. पाकीट मग मी दादाच्या टूलबॉक्समध्ये टाकलं, पान्यांच्या खाली. आणि तिथंच ती जागा झाली. माझ्या घरात पाकीट लपत नव्हतं, बायको खिसे तपासून धुणं टाकते. दर रविवारी मी शेतात यायचो, ट्रॅक्टरच्या आड बसून एक ओढायचो, संपलं की नवं आणून ठेवायचो, लाल-पांढरं मिळालं नाही तर निळं.

दादा स्पर्धा जिंकला. लाउडस्पीकरवाला दोन मिनिटं ओरडत होता, सिगारेट ट्रॅक्टर आला, सिगारेट ट्रॅक्टर गेला. नावाचं एक अक्षरही लिहिलेलं नसताना सगळ्या जत्रेनं ते वाचलं. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. मंडपाच्या कडेला तंबाखूचा एक ठोक व्यापारी उभा होता. तो पुढं आला आणि दादाला म्हणाला, पुढच्या सगळ्या स्पर्धा आपल्यातर्फे, डिझेल आपलं, ढाल आपली, फक्त ट्रॅक्टर माझ्या स्टॉलपाशी उभा राहू द्या.

दादा म्हणाला, "नाई जमत. मी तंबाखू सोडली हाये. घरी शब्द देल्ला हाये."

"खायचं कोण सांगून राह्यलं तुमाले? नुसता उभा करा."

"उभा केला तं लोकं म्हणतीन खाते."

मी शेजारी उभा होतो. टूलबॉक्स माझ्या गुडघ्याला लागत होता.

दादानं तंबाखू सोडली ती वहिनींसाठी. शेगावला दोघं गेले होते, तिथं मंदिराच्या पायरीवर त्यानं वहिनींना शब्द दिला होता. त्याआधी बारा वर्षं त्याच्या गालात तंबाखूचा तोटा नव्हता. त्यानं तो शब्द पाळला. आणि वहिनी माझ्याबद्दल गावभर सांगायच्या, "आमचे भाऊजी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाईत." नवऱ्यावर त्यांचा विश्वास नवा होता, डोळ्यांत तेल घालून जपलेला, माझ्यावर जुना होता, कधी तपासायची गरज न पडलेला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि ट्रॅक्टर आल्यापासून त्याचे पानेही. त्या वर्षी मी सकाळीच गावी गेलो होतो. नवे कपडे, कपाळाला टिळा. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही की पूजेला टूलबॉक्स उघडणार. शहरात राहून मी ते विसरलो होतो. पाकीट कुठंही लपवावं, दसऱ्याच्या तोंडावर हत्यारांत लपवू नये.

वहिनींनी टूलबॉक्स अंगणात आणला. एकेक पाना पुसून पाटावर मांडायला लागल्या. लहान, मोठा, पेंचिस, हातोडी. मग त्यांचा हात थांबला. पाकीट काढून त्यांनी उलटसुलट पाहिलं, झाकण उघडलं, आत किती आहेत ते पाहिलं. आणि ते हातोडीच्या शेजारी, रांगेत, नीट सरळ करून ठेवलं. हळद वाहिली. कुंकू वाहिलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

दादा गोठ्याकडून आला. त्याला म्हणाल्या, "पाया पडा. हे बी तुमचंच हत्यार हाये ना?"

दादानं पाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मला माहीत नाही, पण त्याला माहीत आहे. एवढा वेळ गेला असेल, चुन्याची रेघ ओलांडायला चाकाला लागतो तेवढा.

"हाव," तो म्हणाला. "माह्यंच हाये."

"शेगावचा शब्द?"

"चुकलं."

आणि तो खरोखर पाया पडला. मीही पडलो. काय करणार, रांगेत उभा होतो.

त्यानंतर दोन महिने रोज संध्याकाळी वहिनी त्याला ओसरीवर उभं करायच्या. "तोंड उघडा." तो उघडायचा. "श्वास सोडा." तो सोडायचा. एकदा कांदा खाऊन आला तर म्हणाल्या, कांदा कायले झाकाले खाल्ला? दुसऱ्या दिवशी कांदा न खाता आला तर म्हणाल्या, आज लय साफ वास येऊन राह्यला, काय चघळलं? शेजारच्या बायका बघायला थांबायच्या. दादा हसायचा. शेवटी वहिनींनीच सांगितलं, अनवाणी शेगावला जा, पुन्हा शब्द द्या, मग मी विचारणार नाही. आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी संगं जा. तुमच्यासारखा माणूस संगं असला म्हणजे ते वाटंत ओढणार नाईत."

मी गेलो. खामगावच्या अलीकडे दादा चहाला टेकला, तळपाय पाहत. मी म्हणालो, स्कूटरमध्ये पेट्रोल टाकून येतो. त्या पाच मिनिटांत मी एक ओढली. आता लिहायचं तर सगळं. परत आलो तर दादानं माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "ते निळं पाकीट बरं होतं. त्याचा वास लवकर जात होता."

मी कॅनचं झाकण लावत राहिलो. लागत नव्हतं.

"तुले कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"माह्या टूलबॉक्समंधी काय हाये ते मले माहीत नसन का?"

"मंग सांगितलं काऊन नाही?"

त्यानं कपातला चहा संपवला. "मी तिच्या नजरेतून उतरलो तं तिले सवय हाये. दोन महिने तोंड हुंगन, पुन्हा चढवन. तू उतरला तं ती कोणाच्या नावानं मले टोमणे मारन?" आणि हसला. मग पायाला फडकं बांधत म्हणाला, "चाल. ऊन व्हायच्या आत टेंभुर्णा गाठू."

त्या दिवसानंतर सिगारेट हळूहळू सुटली. शपथेनं नाही, शाळेच्या पोस्टरनं नाही. पेटवली की दादाचे तळपाय दिसायचे, आणि लाल-पांढरी असो की बिनफिल्टरची, मजा राहिली नाही. मोबाइलवर शर्यती अजून बघतो. आता गाड्यांवर भलत्याच कंपन्यांचे रंग असतात. ते मला काही विकत नाहीत, हे माझ्या वयाला बरं आहे.

दादा आता पन्नाशीच्या पुढं आहे, मानेला पट्टा लागला, उलटा ट्रॅक्टर चालवणं बंद. ट्रॅक्टर नव्यानं रंगवला, साधा निळा. वहिनी अजूनही पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात, दादा समोर बसलेला असतानाच: "यांचा काय भरवसा? एकदा शेगावचा शब्द मोडला हाये यांनं." पाहुणे हसतात, दादा हसतो, मीही हसतो. मला वाटतं, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसतो.

दादानं शब्द मोडला नव्हता. वहिनींच्या समोर बसून, दादा तिथं असताना, हे मी अजून सांगितलेलं नाही. ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे.