कोपलो तर काय करता?

आमच्या तात्यांना हळू बोलताच येत नसे. तात्या म्हणजे माझे थोरले काका. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवापुढे उभं राहून अख्ख्या गावाची सुखदुःखं त्यांनी सांगायची आणि दर वाक्याला मागच्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. जन्मभर हेच केल्यामुळे ते घरात मीठसुद्धा गाभाऱ्यात ऐकू जाईल अशा आवाजात मागत. काकी म्हणायची, "देव काय भैरो नाय. माका तरी भैरी करू नको."

अशा घरात मी परीक्षेच्या अभ्यासाला गेले, यातच माझ्या अकलेचं काय ते दिसतं. पण करणार काय? आमच्या घरी पाठच्या भावंडांचा गोंधळ, आणि मी औषधांच्या विषयात एकदा आपटलेली. फार्माकॉलॉजी! नाव घेतानाच धाप लागायची. पुस्तक इंग्रजी, मापं ग्रेनची आणि मिनिमची, आणि सगळी औषधं एकमेकांच्या भावंडांसारखी. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, "पुन्हा नापास झालीस तर नर्सिंग बंद. देवगडचं स्थळ तयार आहे, कलमांची बाग आहे त्यांची." बागेशी माझं भांडण नव्हतं. पण वॉर्डात पेशंटचा ताप माझ्या हाताखाली उतरलेला मी पाहिला होता, आणि मला तेच करायचं होतं.

मी पडवीत बसून मोठ्यानं पाठ करायची. तात्या सुपारी कातरत ऐकायचे. एक दिवस अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "नुसती नावा काय घेतंस गो? देवाचा आधी गुण कळाक व्हयो. ह्यो देव दिता काय? ह्येका लागता काय? आणि कोपलो तर काय करता?"

मी पुस्तकात पाहिलं, तर काय! प्रत्येक औषधाखाली हेच तर होतं. उपयोग, मात्रा, विषबाधा. मी खूश झाले. त्याच दिवसापासून माझा घोटाळा दुप्पट झाला.

कारण तात्यांनी औषधांना देवपण दिलं आणि वर गाऱ्हाणं सुरू केलं. अट्रोपिनचं मी सांगितलं, की तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. "मगे ह्यो आमचो देवचार!" तात्या गावच्या राखणदार भुताचं नाव घेऊन ओरडले. "व्हाळाकडे देवचार दिसलो काय माणसाचा अशाच होता." आणि मॉर्फिन म्हणजे झोपवणारा देव, त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. छान लक्षात राहिलं. पण दुसऱ्या दिवशी तात्या ठासून म्हणाले, "मॉर्फिन म्हणजे देवचार, कालच सांगलंय मी." मी भांडले, पुस्तक दाखवलं. "ता इंग्रजाचा पुस्तक. तेका आमचो देवचार खंय म्हायत?" अहो, त्या आवाजापुढे पुस्तकाचं काय चालणार? आठवड्याच्या शेवटी कोणाच्या बाहुल्या मोठ्या आणि कोणाच्या बारीक, ते माझं मलाच कळेना. मी रडले. काकीनं मला पेज वाढली आणि तात्यांना परसात हाकललं.

निघायच्या दिवशी तात्यांनी देवाला कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही एकदमच पडल्या! गुरव डोकं खाजवत राहिला. तात्या मात्र निर्धास्त. "पास होतलंस, पण काय तरी माती खातलंस."

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला. मॉर्फिनची विषबाधा झाली तर बाहुल्या कशा? माझ्यापुढे देवचार उभा राहिला. "मोठ्या," मी म्हटलं. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. झालं, गेले मी देवगडला! मग त्यांनी विचारलं, डिजिटॅलिस देण्याआधी काय कराल? डोकं बधिर होतं, पण कानात तात्या गरजले, ‘कोपलो तर काय करता?’ आणि मी बोलत सुटले. नाडी मंदावते, उलट्या होतात. म्हणून आधी नाडी मोजायची, साठाच्या खाली असेल तर औषध द्यायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. मी काठावर पास झाले. तात्यांनी नारळ फोडला आणि माझी माती खाल्ल्याची गोष्ट बाजारभर सांगितली.

काही वर्षांनी तात्या आमच्याच वॉर्डात आले. पाय सुजलेले, दोन शब्दांत दम लागे. त्यांचा तो बारीक आवाज मला सहन होईना. मी औषधाचा ग्लास घेऊन गेले की विचारायचे, "ह्यो खंयचो देव?" मी सांगायची, "डिजिटॅलिस, तात्या. काळजाचा."

एका सकाळी मी त्यांचं मनगट धरलं. नाडी फार सावकाश चालली होती. पुन्हा मोजली. मग ग्लास बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आज नको. डॉक्टरांना विचारून येते."

"कित्या गो?"

"कोपलाय तो, तात्या."

तात्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे वळून, उरलासुरला श्वास गोळा करून म्हणाले, "बघितलास? आमचा चेडू. देवाक वळाखता."

डॉक्टर आले, धावपळ झाली, पण तात्या त्या आठवड्यात गेले. इतकं ओळखून काय उपयोग झाला, ते मला अजून कळलेलं नाही. पण पुढे नोकरीभर, कुठल्याही पेशंटच्या तोंडाशी औषध नेताना माझा हात क्षणभर थांबायचा. कानात तात्या विचारायचे, ‘कोपलो तर काय करता?’ आणि उत्तर दिल्यावर मीच मनातल्या मनात म्हणायची, व्हय म्हाराजा.